बॅटरीतलं औषध

गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी पुलगावला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना फुगली. उग्र वास सुटला. आग लागली नाही.

मी पिपरी मेघेला राहतो. दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात माझी नोकरी सरली. बहिणीचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, बॅटरी आत्ता कुठे आहे. अंगणात, ती म्हणाली. भाऊजींनी मेन स्विच बंद करून ती पोत्यावर ओढत बाहेर नेली होती.

बहीण एका उपकेंद्रात परिचारिका आहे. त्या गावाला सकाळी एसटी नाही, म्हणून स्कूटर घेतली. चार्जर चालेल असा मोठा सॉकेट घरात एकच, पुढच्या खोलीत. त्याच खोलीत तिच्या सासूबाईंची खाट. त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही. म्हणून स्कूटर घेताना बहिणीने विक्रेत्याला एवढंच विचारलं होतं की, बॅटरी पेटली तर? तो म्हणाला होता, "ताई, हिच्यात औषध टाकलेलं आहे. आग धरतच नाही." पुरावा म्हणून त्याने चाचणी अहवालाची झेरॉक्स दिली होती. बॅटरीतल्या द्रवात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये, अग्निरोधक मिसळल्याचं त्यात लिहिलं होतं.

बुधवारी सकाळी मी पुलगावला पोचलो. बहीण दारातच उभी होती.

"दादा, मले एकच सांग. त्यात ते औषध हाय का नाई? आईले या खोलीत झोपवू का नको?"

मी अहवाल मागितला आणि बॅटरीवरच्या लेबलशी ताडून पाहिला. मॉडेल क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं वेगळी होती. विक्रेत्याला स्पीकरवर फोन लावला.

"माल एकच आहे साहेब, नंबर तेवढा बदलला."

"हे लिहून द्याल?"

तो म्हणाला, "आधी सांगा, चार्जिंगला कशी ठेवली होती?"

भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "फरशीवर. उघडी."

विक्रेत्यावरचा माझा संशय तिथवर पक्का होता. फोटो काढायला मी अंगणात वाकलो तेव्हा बॅटरीच्या खाचांत घट्ट बसलेली वाळू दिसली. फरशीवर उघड्या ठेवलेल्या बॅटरीत वाळू येणार कुठून, हे मी भाऊजींना विचारलं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"सांगा न आता," ती म्हणाली. "मले तर रोज दटावत होते, झाकण काढू नको म्हणून."

भाऊजी दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी गॅस सिलिंडरजवळही वाळूची बादली असते. बॅटरी चार्जिंगला लावली की ते ती लाकडी खोक्यात ठेवायचे, चारी बाजूंनी वाळू भरायचे, वर ओलं पोतं टाकायचे. उन्हाळाभर हेच चाललं होतं.

"उभी हयात डेपोत काढली म्या," ते म्हणाले. "पेटणारी वस्तू अशी उघडी ठेवते का कोणी? तुमी पेपरवाले, तुमाले कागद दिसला का झालं."

"मग फोनवर खोटं काऊन बोलले?" बहिणीने विचारलं.

"वारंटी जाईन म्हणून."

संध्याकाळी परत आल्यावर मी आमच्या गल्लीतल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना अहवाल आणि लेबलचा फोटो दाखवला, वाळूचंही सांगितलं. त्यांनी सांगितलं ते मी तसंच टिपून घेतलं. बॅटरीतला द्रव मुळात पेट घेणारा असतो. त्यात फॉस्फरसची काही संयुगं मिसळली तर त्याच्या वाफेत ज्वाळा पसरायला अडथळा येतो. जास्त मिसळली तर बॅटरीची ताकद कमी होते, म्हणून उत्पादक हात राखून मिसळतात. बॅटरी तापणं मात्र या संयुगांनी थांबत नाही. वाळूत पुरलेल्या बॅटरीची उष्णता बाहेर पडत नाही, ती आतच साठते.

"आग लागली नाही, म्हणजे औषध होतं असं धरायचं का?" मी विचारलं.

"नाही. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असं नाही. आत काय आहे ते प्रयोगशाळेत उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि तुम्ही उघडू नका."

मी दोन पत्रं लिहिली. एक विक्रेत्याला, एक उत्पादकाला. वाळू आणि पोत्याची गोष्ट दोन्हींत घातली. भाऊजींनी ती वाचून सही करायला नकार दिला. बहिणीने केली.

विक्रेत्याचं उत्तर आलं नाही. उत्पादकाचं आलं, एका पानाचं. जोडलेला अहवाल नव्या मॉडेलचा आहे. आपल्याकडची बॅटरी आधीच्या मॉडेलची असून तिच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये अग्निरोधक मिसळलेलं नाही. ती झाकून चार्ज केल्याने वॉरंटी लागू होत नाही.

बहिणीने ते पान उभ्या उभ्या वाचलं. मग भाऊजींना म्हणाली, "धरा तिकडून." दोघांनी सासूबाईंची खाट उचलून मागच्या खोलीत नेली. सॉकेट वायरमनने त्याच आठवड्यात काढून अंगणातल्या पत्र्याखाली बसवला.

नवी बॅटरी अजून घेतलेली नाही. बहीण सकाळी सव्वासातला दूधवाल्याच्या गाडीने उपकेंद्रात जाते.