वर केलेले हात

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. त्यांचा मुलगा दारात येऊन एवढंच म्हणाला, "बाई, नाना पहाटे गेले." त्याला आता महिना होऊन गेला...

एरंडोलच्या आमच्या शाळेत नाना शिपाई होते. त्याआधी पंधरा वर्षं फौजेत. एकाहत्तरच्या लढाईत लढलेले, म्हणून शाळा दर सव्वीस जानेवारीला त्यांना शाल-नारळ द्यायची. ते मुकाट्याने घ्यायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे. ज्या वर्षी आखातात युद्ध पेटलं, त्या वर्षी मुलं टीव्हीवर पाहिलेल्या बॉम्बच्याच गप्पा मारत होती. मी इतिहास शिकवायचे. युद्ध पाहिलेला माणूस मुलांनी ऐकावा, म्हणून मीच नानांना बोलायचा आग्रह केला.

वर्गात एका मुलीने विचारलं, "नाना, तुम्ही किती शत्रू मारले?"

नाना म्हणाले, "गोळ्या पुष्कळ झाडल्या, कोणाला लागल्या ठाऊक नाही. एक मात्र ठाऊक आहे..." लढाईतल्या एका सकाळी त्यांचा जिवलग मित्र, शिंदखेड्याकडचा भीमराव, त्यांच्या शेजारीच पडला होता. दुपारी शत्रूचं ठाणं हाती आलं. खंदकातून एक माणूस हात वर करून बाहेर आला. "त्याचे हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले होते. स्वयंपाकी होता तो. मला दिसत होतं. तरी भीमरावचं नाव घेतलं आणि गोळी घातली. साहेबांना सांगितलं, तो बंदूक उचलत होता."

दुसऱ्या दिवशी पालक तक्रार घेऊन आले. वयामुळे बोलण्यात चूक झाली असं म्हणा, असं नानांना बैठकीत सुचवण्यात आलं. "चूक तेव्हा झाली साहेब. काल नाही," नाना म्हणाले. शाल बंद झाली, काहींनी रामराम करणंही सोडलं. त्यांना मुलांपुढे उभं मी केलं होतं, पण त्या बैठकीत मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "शिंदखेड्याला येता का बाई? अक्कांसमोर मला एकट्याने बसवणार नाही." अक्का म्हणजे भीमरावची आई. बदला घेतला, असं नानांनी तेव्हा पत्राने त्यांना कळवलं होतं. अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. नानांनी सगळं सांगितलं. अक्कांचे हात थांबले.

"तुनी चिठ्ठी उनी तवय मी बठ्ठा गावले गूळ वाटा व्हता," त्या म्हणाल्या. "मंग ते पाप मनंबी शे. तू एकलाच कसाले वाहस?"

पापाचा वाटा अक्कांनी आपल्यावर घेतला; मला वाटलं, माणूस आज हलका झाला. पण परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणखी एक जीव ओढला मी त्यात." त्यानंतर पाच वर्षं ते जगले. या विषयावर पुन्हा बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही...

दहाव्याला अंजनी नदीच्या काठी अक्का आल्या. भाचा हाताला धरून घेऊन आला होता, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. नानांच्या मुलाने बापाच्या नावाने पाणी सोडलं, मग अक्कांच्या सांगण्यावरून भीमरावच्या नावाने. अक्का म्हणाल्या, "आते त्या रांधणाराले."

विधी सांगणाऱ्या गुरुजींनी त्याचं नाव विचारलं. मुलगा माझ्याकडे बघू लागला.

"नाव कोनी इचारंच नही," अक्का म्हणाल्या, आणि चाचपडत पुढे होऊन त्यांनी स्वतःच ओंजळ भरली.