माझ्या मापाची मेणबत्ती

मागच्या मे महिन्यात आमच्या सोफ्यावर माझ्या उंचीची एक मेणबत्ती मुक्कामाला होती. तिच्या अंगावर ओली चादर होती, डोक्याशी टेबलफॅन होता, आणि आई येता-जाता हात लावून ती तापली तर नाही ना, हे पाहत होती. त्याच आठवड्यात मी खरोखरच तापानं फणफणलो होतो. मला कुणी हात लावून पाहिलं नाही.

ही मेणबत्ती म्हणजे माझ्या नावाचा नवस. मी सातव्या महिन्यातच जन्मलो. पप्पा तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. (आयुष्यात घाई मी तेवढी एकदाच केली, असं माझी बायको सुनीता म्हणते.) पोर जगेल की नाही, हे डॉक्टर सांगेनात. तेव्हा आईनं वेलंकनी मातेला शब्द दिला, की हे वाचलं तर त्याला घेऊन तुझ्या दारी येईन आणि त्याच्या उंचीची मेणबत्ती लावीन.

वेलंकनी तिकडे तमिळनाडूत, समुद्रकाठी. तिथं मरियामाता बाळाला कडेवर घेऊन दिसली, एकदा दूध पोचवायला निघालेल्या पोराला आणि एकदा ताक विकणाऱ्या लंगड्या पोराला. आम्हा कॅथलिकांत या दोन गोष्टी प्रत्येक आई आपल्या पोरांना सांगते. तिथं माणसाच्या उंचीची मेणबत्ती लावायची रीत आहे. बाजारात त्या उसासारख्या उभ्या करून ठेवलेल्या असतात म्हणे. म्हणे म्हणतो, कारण मी अजून पाहिलेल्या नाहीत.

नवस बोलला तेव्हा मी वरणाच्या डावाएवढा होतो. पण त्या वर्षी पप्पांना रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी क्वार्टर बदलायचं निघालं. मग माझी मुंज नसली तरी चर्चमधला पहिल्या ख्रिस्तशरीराचा विधी होता, मग दहावी, मग पप्पांचं आजारपण. दरवर्षी आई म्हणायची, ‘यंदा राहू दे, पुढल्या वर्षी नक्की,’ आणि दरवर्षी मी आणखी वाढलेला असायचो. दारामागं भिंतीवर ती पेन्सिलीनं माझी उंची मांडून ठेवायची. लोकांच्या घरी त्या रेघा बघून आया खूश होतात, आमच्या घरी आई काळजीत पडायची. मी पाच फूट दहा इंचांवर थांबलो तेव्हा तिनं ‘थांबला एकदाचा’ म्हणून सुटकेचा श्वास सोडला.

आमच्या हडपसरच्या सोसायटीत शेजारी देशपांडे काका राहतात. बँकेतून निवृत्त झाले, पण लोकांच्या चुका काढायचं काम त्यांनी चालू ठेवलं आहे. त्यांना हा नवस कळला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अहो साळवे, वेळेवर फेडला असतात तर केकवरच्या मेणबत्तीत भागलं असतं.”

इतकी वर्षं हा घरातला विनोद होता. मागच्या उन्हाळ्यात त्यातला विनोद संपला. आईच्या हृदयाची झडप बदलावी लागेल असं निघालं, आणि तीही लवकर. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि डॉक्टरांसमोरच मला सांगितलं, “आधी मेणबत्ती. मग झडप.”

आम्ही समजावलं, चिडलो, गयावया केली. ती ढिम्म. मी म्हणालो, अगं, नवस काय पळून जातोय का? तर म्हणाली, “भुलीतून उठलेच नाही, तर वर गेल्यावर पहिली तीच भेटणार. काय तोंड दाखवू? त्या पोराकडनं तिनं घोटभर दूध घेतलं, तर त्याचं भांडं काठोकाठ भरून परत दिलं. त्याच दिवशी. आणि आपण?”

वेलंकनीचा रेल्वेप्रवास डॉक्टरांनी साफ नाकारला. शेवटी आमचे फादर मदतीला आले. खडकीच्या बाजूला एका चर्चच्या आवारात याच मातेचं छोटं देवस्थान आहे, तिथं फेडा, माता काही तिकीट तपासत नाही, असं म्हणाले. आईला हे पटलं. फादरना जरा हुरूप आला आणि मेणबत्ती लहान चालेल, भाव महत्त्वाचा, असंही ते म्हणून गेले. आई म्हणाली, “फादर, मी शब्द दिलाय तो उंचीचा. भावाचं नंतर बघू.”

पुण्यात माणसाएवढी मेणबत्ती तयार मिळत नाही. कॅम्पात शौकतभाईंचा वडिलोपार्जित मेणबत्त्यांचा धंदा आहे. लग्नाच्या, बारशाच्या, चर्चच्या, सगळ्या मेणबत्त्या ते करतात. त्यांनी मला शिंप्यासारखं उभं केलं, टेप लावली आणि विचारलं, “चपलेसकट, की चपलेविना?” आई म्हणाली, विना. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, “घेर पण मापाचाच ठेवायचा का?” यावर आई जरा जास्तच वेळ विचार करत राहिली. नवस फक्त उंचीचा आहे, हे मलाच तिला आठवण करून द्यावं लागलं.

शौकतभाईंनी पाण्याच्या पाइपात मेण ओतून ती सरळसोट मेणबत्ती काढली. माझ्यापेक्षा ती फारच रुबाबदार दिसत होती. देताना त्यांनी बजावलं, “साळवे, ऊन चढायच्या आत न्या. आणि गाडीत घालताना मधे आधार द्या. मेण आहे, ते कुणाचं ऐकत नाही.” मी मान डोलावली. मला सूचना नेहमी पटतात, फक्त त्या पाळायला उशीर होतो.

शनिवार मातेचा वार, म्हणून शनिवार ठरला. पहाटे निघायचं ते उठेपर्यंत सात वाजले. मेणबत्ती लिफ्टमध्ये मावेना. मग तिला पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळलं, पुढून मी खांदा दिला, मागून सुनीतानं, आणि आम्ही जिन्यानं हळूहळू उतरू लागलो. पाठीमागून आई जपमाळ घेऊन, तोंडानं पुटपुटत येत होती.

आमच्या घरात आजारपण आहे हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावर एक बाई दारातच रडू लागल्या. खाली वॉचमननं टोपी काढली. कुणीतरी धावत जाऊन गेट उघडलं, कुणी आमच्याशी न बोलता चादरीखाली खांदा दिला. मी ‘अहो, मेणबत्ती आहे’ असं सांगत होतो, पण अशा वेळी मुलगा काय वाटेल ते बोलतो हे लोकांना माहीत असतं, त्यामुळे ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. इतक्यात पाठीमागून आई आली आणि तिनं विचारलं, “कोण गेलं?”

मग चादर उघडून सगळ्यांना दाखवावं लागलं. चहा झाला, नवसाची गोष्ट पहिल्यापासून सांगून झाली, दुधाचं भांडं दोनदा भरून झालं. देशपांडे काका तेवढे गॅलरीतून हलले नव्हते. मी म्हटलं, काका, तुम्हालाही आईच वाटली ना? “छे,” ते म्हणाले. “उंचीवरून मला तुम्हीच वाटलात.”

निघायला साडेदहा वाजले. आमची गाडी लहान. मेणबत्तीचं डोकं पुढच्या काचेशी, पाय मागच्या काचेला, आणि मागं तिच्या दोन बाजूंना आई आणि सुनीता. मधला आधार म्हणून आईनं तिच्याखाली हात धरला. गाडीचा एसी आदल्या उन्हाळ्यातच दुरुस्त करायचा होता. (तेही पुढल्या वर्षी नक्की.) गाडीतळ चौकात पुलाखाली गर्दीत अडकलो ते अडकलोच. ऊन काचेतून थेट आत येत होतं. रिक्षावाले कावले होते, बस तिरकी घुसली होती, आणि घामानं डोळे चुरचुरत असताना गिअर टाकायला गेलो तर हाताला काहीतरी मऊ लागलं.

आईला डुलकी लागली होती. तिचा हात खाली आला होता आणि त्याबरोबर मेणबत्तीही. ती गिअरवर अशी वाकली होती, की तिलाही गर्दीचा कंटाळा आला असावा. सुनीतानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. आईची झोप मोडायची माझी छाती झाली नाही. ही मेणबत्ती लागल्याशिवाय ती दवाखान्यात पाय ठेवणार नव्हती, आणि नवी करून घ्यायची म्हटली तर आणखी आठवडा जाणार होता. डॉक्टर तर दिवस मोजायला लागले होते. खडकी येईपर्यंत मी आयुष्यात कधी केली नसेल एवढी प्रार्थना केली, आणि सगळी मेणाच्या गुणधर्मांविषयी.

चर्चच्या आवारात पोचल्यावर आईला पुढं देवस्थानाच्या सावलीत बसवलं आणि आम्ही दोघांनी कडुनिंबाखाली दुरुस्ती सुरू केली. सुनीतानं खालून धरलं, मी वरून दाबलं. मेणबत्ती उभी राहिली खरी, पण वरून दाबलेलं मेण कुठंतरी जाणारच, ते मधे गोळा झालं. ते मागून ढकलावं तर पुढं येई. पुढून ढकलावं तर खांदे पडत. मी घामाघूम होऊन तिसऱ्यांदा तिला मिठी मारली होती, तेवढ्यात आई शेजारी येऊन उभी राहिली.

ती बराच वेळ मेणबत्तीकडे पाहत होती. मान खाली, खांदे उतरलेले, पोट पुढं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रडकुंडीला आलो होतो. म्हटलं, आई, मी दुसरी करून घेतो, पण तू ऑपरेशनला नाही म्हणू नकोस.

“दुसरी कशाला?” आई म्हणाली. “आता कुठं मापाची झालीय.”

सुनीता जी हसत सुटली ती खालीच बसली, आणि आईही हसली. झडपेचं निघाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

मेणबत्ती स्वतःच्या पायावर उभी राहीना, म्हणून ती पेटल्यावर मीच तिला कवेत धरून मातेसमोर उभा राहिलो. निळ्या पदराची, बाळ कडेवर घेतलेली माता आम्हा दोघांकडे बघत होती. आई पायरीवर बसली होती. शर्टावर मेण गळत होतं, हात भरून आले होते, आणि बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं, की फेडायला इतकी वर्षं का घालवलीस गं? लहान असताना केवढीशी लागली असती.

“रजा, दहावी, त्या सगळ्या सबबी होत्या,” आई म्हणाली. “ज्याच्याकडून येणं असतं त्याला कोण विसरतं का? नवस फिटला असता, तर तिचं लक्ष दुसऱ्या पोरांकडे गेलं असतं. बाकी ठेवली, म्हणजे ती तुझ्यावर डोळा ठेवून राहिली.”

“मग आता कशाला फेडलास?”

“मी गेले तर हे देणं तुझ्या डोक्यावर राहील. आणि तू कसला फेडतोस.”

मला रडू आलं. माझ्या मापाच्या मेणबत्तीला धरून, भर दुपारी, लोकांसमोर मी रडलो. दुसरा कुणी धरायला नव्हता, म्हणून डोळेही पुसता आले नाहीत. चाळीस वर्षं मी जिला आळस समजून हसत होतो, ती आईची पहारेदारी होती. तेव्हाच, तिला कळू न देता, मी मातेला शब्द दिला. हिची झडप नीट बसू दे, मी हिच्या उंचीची मेणबत्ती लावीन. आणि ती वेलंकनीलाच.

झडप नीट बसली. आई आता सकाळी सोसायटीच्या बागेत फिरते आणि देशपांडे काकांना उत्तरं देते. शौकतभाई मधे भेटले, मी त्यांना नवस सांगितला, तर त्यांनी खिशातून टेपच काढली. मी म्हटलं, इतक्यात नको.

एक गोष्ट मात्र मी करतो. दारामागच्या भिंतीशी अधूनमधून आईला उभी करतो आणि पेन्सिलीनं रेघ मारतो. म्हातारपणी माणूस खचतं. दर रेघ आधीच्या रेघेच्या किंचित खालीच येते. आई ताठ उभी आहे ना, हे मी दोनदा बघतो, आणि त्याच वेळी माझ्यातला पुणेकर मेणात किती बचत होईल याचा अंदाज घेत असतो.

परवा रेघ मारली तेव्हा आईनं वळून विचारलं, “हे कशासाठी रे?” म्हटलं, सहज. तिनं भिंतीवरच्या रेघा वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मग पदर सारखा करून आत जाताना म्हणाली, “फेडायची घाई करू नकोस.”

नाही करणार. जन्मभर ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली, ते काम शेवटी आईनं स्वतःच माझ्यावर सोपवलं आहे, आणि घरातलं हे एकच काम असं आहे की जे मला उत्तम जमतं.