दुसरा ब्रेक

मास्तर गेले त्या दुपारी मामींनी आधी दूध झाकलं, गॅस बंद आहे ना ते पाहिलं, आणि मग शेजारच्यांचं दार वाजवून म्हणाल्या, "यांना काहीतरी झालंय. येता का जरा?" पुढचं सगळं इतरांनीच केलं. माणसं आली, गेली. भाड्याच्या खुर्च्या आल्या, परत गेल्या. मामींच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. नात्यातल्या बायकांनी आधी 'किती धीराची बाई' म्हणून कौतुक केलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच बायका कुजबुजायला लागल्या. त्यांना तरी काय बोल लावायचा? धीरबीर काही नव्हतं ते. मामींना काही वाटतच नव्हतं, एवढंच. दाढ काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. जेवत होत्या, झोपत होत्या, कुणी काही विचारलं तर नीट उत्तर देत होत्या.

त्यांना मामी म्हणणारा खरा भाचा एकच. शिकायला म्हणून मामाकडे आला आणि लग्न होईपर्यंत तिथंच राहिला. पण त्याचं ऐकून सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायला लागली, इतकी की पोस्टमनसुद्धा खालून "मामी, सही!" अशीच हाक मारायचा. मास्तर मात्र शाळेतले मास्तर नव्हते. ते गाडी शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी असलेल्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि "घाबरू नका, मी आहे" म्हणायचं, ही त्यांची नोकरी. जन्मभर ते शेजारच्याच सीटवर बसले. शहरातले निम्मे लोक त्यांच्या भरवशावर स्टेअरिंग धरायला शिकले असतील.

अशा माणसानं स्वतःची गाडी घेतली, तेव्हा शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच किल्ली बायकोच्या हातात दिली. "दिवसभर तेच करतो मी. घरच्या गाडीत तरी मला निवांत बसू दे. तू चालव." मामींना तेव्हा साधी सायकल येत नव्हती. मास्तरांनी स्कूलच्या फिटरला गाठलं आणि शेजारच्या सीटपुढे एक दुसरा ब्रेक बसवून घेतला. लोखंडी दांडीनं तो मामींच्या ब्रेकला जोडलेला होता. इकडून दाबला की तिकडचाही खाली जायचा. "शिकेपर्यंत राहू दे," मास्तर म्हणाले. मामी शिकल्या, पण ब्रेक काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. गाडी सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, दार लावलं की घरभर ऐकू जाईल अशी.

एरवी मामी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गाडीच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. सुटीच्या दिवशी मैत्रिणींना मागे बसवून निघायच्या, चौकातले पुरुष वळून बघायचे, आणि मामी बघितलं न बघितल्यासारखं करायच्या. "आमच्या गाडीचा ब्रेक म्हणजे लोणी," असं सगळ्यांना सांगायच्या. "दाबावा लागतच नाही. नुसता पाय टेकवायचा." शेजारी मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "हात बसलाय हं तिचा." मामींना ते ऐकायला फार आवडायचं. मास्तरांशिवाय त्यांनी गाडी कधी बाहेर काढली नाही, कारण मास्तरांशिवाय जायचं असं ठिकाणच नव्हतं.

मास्तर गेल्यावर गाडीवर कापड पडलं आणि ते तसंच राहिलं. कुणी विकत मागितली की मामी "बघू" म्हणायच्या. मग एक दिवस भाचा फणकारतच आला.

"मामी, ऐकलंस का? नवा नियम आलाय. इतक्या जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवायच्या नाहीत म्हणे. महिनाअखेर सगळ्या भंगारात."

"बरं," मामी म्हणाल्या.

"बरं काय? मामाची गाडी आहे ती!"

"मग काय करू?"

भाच्याला जुन्या गाड्यांचं भारी वेड. तो खुर्ची ओढून समोरच बसला. "एक वाट आहे. जतन करायच्या गाड्यांची वेगळी नोंद होते. ती झाली की कुणी हात लावत नाही. उलट अजून थोडी वर्षं जाऊ देत, लोक अशी गाडी बघायला लांबून येतील. आज खटारा म्हणतात ना, तेच फोटो काढून घेतील शेजारी उभं राहून. फक्त ती कारखान्यातून आली तशी पाहिजे. नंतर लावलेलं काही चालत नाही." आणि त्यानं खिडकीतून कापडाखालच्या गाडीकडे बघितलं. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं होतं.

"दुसरा ब्रेक," मामींनीच सांगितलं.

"हो. तो काढावा लागेल. तुला नको असेल तर..."

"काढा. भंगारात तर सगळीच जाईल ना."

भाच्याला वाटलं, आता तरी मामी रडेल. त्यानं खिशात रुमाल चाचपूनही ठेवला. मामी उठून त्याच्यासाठी चहा टाकायला गेल्या.

मेकॅनिक मास्तरांचाच जुना चेला. त्याच्या गॅरेजमध्ये मामी एका टायरवर पुठ्ठा टाकून बसल्या. तो गाडीत आडवा होऊन बराच वेळ खुडबुड करत होता. फक्त पाय बाहेर. मध्येच हसला, मग उगीच हसलो असं वाटून खाकरला.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

तो बाहेर आला. हातात मास्तरांचा ब्रेक होता. पेडलवरचं रबर पार गुळगुळीत, एका कोपऱ्यात तर आतलं लोखंड दिसत होतं. "हे बघा. आता आत येऊन तुमच्या बाजूचं बघा."

मामींनी वाकून बघितलं. त्यांच्या क्लचचं रबर झिजून पातळ झालं होतं. त्याच्या शेजारी ब्रेकचं रबर मात्र काल बसवल्यासारखं. रेघन् रेघ उठून दिसत होती.

"मामी, क्लच तुम्ही दाबलात, पण ब्रेक सगळा मास्तरांनी," मेकॅनिक म्हणाला. "तुमचा पाय पोचायच्या आत त्यांचा पोचलेला असायचा. म्हणून तुम्हाला लोणी वाटायचं." बोलून गेल्यावर त्याला कसंतरी झालं. "म्हणजे... काळजीपोटी हो. सवयच ती त्यांची. गाडी थोडी चालवून बघता का आता? ब्रेक जड लागेल तुम्हाला."

"इतकी वर्षं चालवलीये," मामी म्हणाल्या. "त्यात काय बघायचं?"

खरं तर त्यांना राग यायला हवा होता. घरी येईपर्यंत त्या वाट बघत होत्या की आता येईल. आला नाही. काढलेला ब्रेक मेकॅनिकनं वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. तो त्यांनी जिन्याखाली ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या. निवडता निवडता एकदा वाटलं की विचारावं त्यांना, का हो असं केलंत? मग आठवलं की विचारायची सोय नाही. हेही त्यांना नुसतं आठवलं, जसं दुकान आज बंद असतं हे आठवतं.

तपासणीचं पटांगण म्हणजे चारी बाजूंनी भिंत, मध्ये पांढरे पट्टे, कडेला पत्र्याची शेड. मेकॅनिकनं गाडी तिथवर आणली. भाचाही रजा टाकून आला होता आणि मामींपेक्षा तोच जास्त घाबरला होता. आजूबाजूला आणखी काही जुन्या गाड्या, आणि त्यांचे मालक त्या पुसत उभे. एक जण तर चाकांच्या खाचांमधून दात घासायचा ब्रश फिरवत होता.

तपासणीचे साहेब कमी बोलणारे होते. बोनेट उघडून बघितलं, दारं उघडमीट केली, गुडघ्यावर बसून खालून टॉर्च मारला. काही लिहिलं की ओठ मुडपायचे, त्यामुळे बरं लिहिलं की वाईट ते कळेना. भाचा त्यांच्यामागे सावलीसारखा. मग साहेब ड्रायव्हरच्या दारातून आत वाकले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

"वा! ब्रेकचं रबर कारखान्यातलंच आहे. आणि जरासुद्धा झिजलेलं नाही. असं बघायला मिळत नाही हो." त्यांनी मामींकडे वळून विचारलं, "फार कमी चालवली का गाडी?"

मेकॅनिकनं खाली बघितलं. मामी म्हणाल्या, "नाही. बरीच चालवली."

"मग फार जपून चालवलीत," साहेब म्हणाले आणि तसं लिहूनही घेतलं. "आता एक फेरी. या नोंदीत गाडी मालकानंच चालवून दाखवायची असते. नुसती उभी गाडी आम्ही धरत नाही."

भाचा पुढे झाला. "साहेब, मी चालवली तर?"

"तू मालक आहेस का?"

"मी चालवते," मामी म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या. साहेब शेजारी बसले, मास्तरांच्या जागी, मांडीवर कागद घेऊन. त्यांच्या पायाशी आता काही नव्हतं. दांडी जिथं शिरत होती तिथलं भोकसुद्धा मेकॅनिकनं बेमालूम बुजवलं होतं.

किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. मामींचे हात सगळं विसरलेले नव्हते. क्लच, गिअर, हळूच क्लच सोडायचा. गाडी निघाली. पांढऱ्या पट्ट्याच्या कडेनं वळण झालं, दुसरा गिअर पडला. साहेब कागदात बघत म्हणाले, "छान." मामींनाही वाटलं, छानच चाललंय. बाजूनं शेड गेली, ब्रशवाला गेला, भाचा दोन्ही हात छातीशी धरून उभा होता तो गेला.

"समोर भिंतीपाशी थांबवा," साहेब म्हणाले.

मामींनी ब्रेकवर पाय टेकवला. नेहमी टेकवायच्या तसाच, हलका. आणि वाट बघितली.

पेडल खाली गेलं नाही. पायाखाली दगड असावा तसं ते घट्ट उभं. भिंत जवळ आली. मामी पाय टेकवून तशाच बसलेल्या, आता थांबेल, आता थांबेल. त्यांना भीती वाटत नव्हती. थांबणारच होती गाडी. ती कायम थांबत आलेली होती. "बाई!" साहेब ओरडले. "अहो बाई, ब्रेक!" मामींनी शेजारी बघितलं. शेजारी एक अनोळखी माणूस दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून बसला होता.

मग गाडी भिंतीला लागली. वेग फार नव्हता. धप्प झालं, इंजिन आचका देऊन बंद पडलं, साहेबांचा पेन पुढच्या काचेवर आपटला. पलीकडून भाचा आणि मेकॅनिक पळत निघाले.

साहेब खाली उतरले. स्वतःला काही झालं नाही हे चाचपून पाहिलं, मग पुढे जाऊन बंपर पाहिला, वाकून दिवे पाहिले. परत येऊन ड्रायव्हरच्या खिडकीशी उभे राहिले. रागावलेले होते, पण समोरच्या बाईकडे बघून आवाज आपोआप खाली आला.

"बंपर वाकलाय. बाकी काही नाही. सरळ करून आणा, नोंद होऊन जाईल. गाडी चांगली आहे तुमची." थोडं थांबून म्हणाले, "ब्रेकसुद्धा चांगला आहे, मी खालून बघितलाय. तुम्ही दाबला का नाहीत?"

मामी काचेतून भिंतीकडे बघत होत्या. "ते दाबतात," त्या म्हणाल्या.

"कोण?"

मामी सांगायला वळल्या. छातीतून काहीतरी वर येत होतं आणि ते काय आहे हे त्यांना आधी कळेचना. आधी राग आला, तळपायाची आग मस्तकात जावी तसा. इतकी वर्षं बायकोला हात बसलाय म्हणून सांगत राहिला हा माणूस, आणि एकदा, एकदासुद्धा तिला तिची गाडी थांबवू दिली नाही त्यानं. आणि आता कुठं गेला? भिंत समोर येत होती तेव्हा कुठं होता? त्या रागाच्या पाठोपाठ दुसरं आलं. ते गेले, हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, कागदावर लिहूनही मिळालं होतं. खरं वाटलं ते आत्ता. मामी रडायला लागल्या. डोळे पुसत, शोभेल असं नाही. तोंड वेडंवाकडं करून, मोठ्यानं, चार मालक गाड्या पुसायचे थांबले इतक्या मोठ्यानं.

भाचा पोचला होता. त्यानं दार उघडून हात पुढे केला. "मामी, उतर. ये बाहेर. मी लावतो गाडी बाजूला."

"हात लावू नकोस," मामी हुंदके देत म्हणाल्या.

त्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, सीटवर पुढे सरकल्या आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवून अंगातला सगळा जोर लावला. पेडल आधी अडून बसलं. मग हळूहळू, करकरत, खाली गेलं. मामींनी ते तसंच दाबून धरलं. गाडी केव्हाची थांबलेली होती, पण त्या रडत राहिल्या आणि दाबत राहिल्या, आणि कुणी त्यांना पाय काढा म्हणालं नाही.