तोफ देवाच्या पायाशी

खंडेनवमीला ओल्या झेंडूचा वास आला की मला रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातली एक संध्याकाळ आठवते. काही वर्षांपूर्वी सीमेवर तणाव वाढला होता आणि सुट्टीवर आलेले आमचे जवान तातडीनं परत गेले होते. त्यांच्यासाठी भैरोबाच्या देवळात आरती ठेवली होती. गावातल्या तरुणांनी मोठ्या हौसेनं तोफेचं माणसाएवढं चित्र छापून आणलं आणि गाभाऱ्यासमोर उभं करून झेंडूच्या माळांनी मढवलं. त्यामागं देवच झाकला गेला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेवढ्यात माझी चुलती आली. चुलते तोफखान्यात होते आणि बरेच दिवस त्यांचा फोन नव्हता. तिनं आरतीचं ताट खाली ठेवलं, चित्र उचललं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आडवं टेकवलं. म्हणाली, "हत्यार देवाच्या पायाशी ठेवत्यात, म्होरं न्हाई." एकजण पुटपुटला, "आवं काकी, पर जितायचं तर तोफंच्याच जिवावर की!" काकी चिडली नाही. "तोफ तुज्या काकांच्या हातात हाय रं," ती म्हणाली, "पर काकांचा हात कुणाच्या हातात हाय?" मग तिनं ताट पुन्हा उचललं. तिनं खणखणीत आवाजात आरती म्हटली, आणि हातातलं निरांजन जराही हललं नाही. पुढं चुलते सुखरूप आले, त्यांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "खरं हाय तिचं. तोफ मी रोज पुसतो, तिला काय कळतंय?" आज मी कोयता-खुरपं पुजायला मांडलं, आणि हळद-कुंकू वाहण्याआधी दोन पावलं मागं सरून देव दिसतोय ना, ते बघितलं.