पाचोडच्या दुपारची दुसरी कॅसेट

एकाच गायकाची एकच कव्वाली माझ्या कपाटात अनेक कॅसेटींवर आहे. त्या कमी करण्याचा माझा विचार नाही. हे आधीच सांगतो, कारण घरी आलेला प्रत्येक जण कपाट उघडं दिसलं की तोच प्रश्न विचारतो.

पत्नीने तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच विचारला होता. "तीच भाजी दोन दिवस केली तर ताट सरकवता. आणि हे तेच तेच गाणं?"

"तू भाजी तीच करतेस. पण रोज तशीच होते का?"

"म्हणजे बिघडते म्हणा ना सरळ!"

भाजीविषयी मी माघार घेतली. गाण्याविषयीचं मत बदललं नाही.

मी शहरातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. छावणीतल्या एका उरसाची बातमी आणायला गेलो आणि मैफल संपेपर्यंत बसून राहिलो. गाणारे आमच्याच शहरातले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पुढे एका लग्नात त्यांनी तीच कव्वाली गायली आणि ती वेगळी होती. कव्वाल ओळ गाता गाता मध्येच थांबतो, त्या क्षणी सुचलेला दुसरा शेर तिच्यात गुंफतो आणि पुन्हा मूळ ओळीवर येतो. याला गिरह म्हणतात. कुठला शेर येईल ते समोर कोण बसलंय आणि दाद कुठून आली यावर ठरतं. कालची कव्वाली आज मिळत नाही. उस्तादांची एकही रेकॉर्ड बाजारात नव्हती. मी टेपरेकॉर्डर विकत घेतला.

हिंदू माणसाला हा नाद कशाला, असं ऑफिसात विचारणारे होते. पेपरवाला आमच्या मैफलीत टेप घेऊन कशाला, असं मैफलीत विचारणारेही होते. मी टेप बंद केला नाही.

गुलमंडीवर कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ असेच प्रत्येक मैफलीला टेप घेऊन येत. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला साब. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "पलटी में कित्ता जाता तुमारा?" म्हणजे कॅसेटची एक बाजू संपल्यावर ती उलटवून लावेपर्यंत गाणं किती सुटतं.

"एखादी ओळ."

"उसीच में गिरह लगती, साब. हमेशा."

तेव्हापासून आम्ही जोडीने रेकॉर्ड करू लागलो. आधी माझा टेप सुरू व्हायचा. माझी बाजू अर्धी भरली की त्यांचा. एकाची कॅसेट उलटत असताना दुसऱ्याची चालू राहायची. मैफल कशीही होवो, पुसायची नाही, असं ठरलं होतं. त्यासाठी जागेवरून उठण्याआधी कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे आम्ही मोडून टाकायचो. ते मोडले की तिच्यावर सहजासहजी दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

पाचोडला एका वलिम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, उस्तादांना बोलावलं होतं. बाजाराचा दिवस. पंगती उठल्या होत्या आणि उन्हामुळे मांडवाच्या कनाती वर बांधल्या होत्या. बाजाराला आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बाहेर मातीतच बसली होती. उस्ताद तीच कव्वाली गात होते. माझी बाजू संपली. मी कॅसेट काढली आणि त्याच वेळी वरच्या सुरावर उस्तादांचा आवाज फाटला. पुढे आवाजच नाही. मी कॅसेट उलटवून लावली तोवर गाणं पुन्हा उभं राहिलं होतं; त्यातली गिरह तेवढी मला मिळाली.

त्यानंतर उस्ताद कमी गाऊ लागले, मग थांबले. काही वर्षांनी भाई वारले. त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या कॅसेटी मला आणून दिल्या.

मग उस्तादांचा मुलगा वडिलांना घेऊन आला.

"काका, अब्बांचं गाणं तुमच्याशिवाय कुणाकडंच नाय. सीडी काढायचीय. पाचोडची गिरह पयली टाकू."

मी दोन्ही कॅसेटी काढल्या. त्याने माझी उचलली. भाईंची तशीच राहू दिली.

"ही नको. हिच्यात काय हाय, तुम्हाला माहीत हाय."

"दोन्ही मिळून एक दुपार आहे. घ्यायची तर जोडून घ्या."

"लोकांना काय ऐकवू? फाटलेला आवाज?"

"फाटला होता."

"तुम्ही पेपरवाले लई कडक! तुमच्या कॅसेटीत खोटं काय हाय? हिच्यात आवाज फाटतच नाय."

मुद्दा बरोबर होता. माझ्या कॅसेटमधला शब्द न् शब्द खरा होता. मधलं एकच वाक्य गाळून छापलेल्या, शब्द न् शब्द खऱ्या बातम्या मी टेबलावर पुष्कळ पाहिल्या होत्या. मी नाही म्हणालो.

"गाणं अब्बांचं हाय काका, तुमचं नाय."

मी उस्तादांकडे पाहिलं.

"बजाओ," ते म्हणाले.

मी भाईंची कॅसेट लावली. गाणं चढत गेलं. माइकजवळून भाईंचा आवाज आला, "साब, पलटाओ, पलटाओ!" मग सूर फाटला. नुसता ढोलक वाजत राहिला. कोणीतरी मोठ्याने हसलं. आणि मांडवाबाहेरून, मातीत बसलेल्या माणसांनी, त्यांना तेवढीच पाठ झाली होती ती एक ओळ बेसूर उचलली. ती त्यांनी सोडली नाही. उस्तादांनी घसा साफ केला आणि त्या ओळीतच गिरह लावली: मी ओझं टाकलं तेव्हा पाहिलं, ते उचलायला सगळा बाजार उभा होता, अशा अर्थाचा शेर. मुलाला पहिली टाकायची होती ती हीच.

"हँसा था कोई," उस्ताद म्हणाले. "मेरेकू याद है."

"हो. तोही आहे यात."

"फिर से बजाओ."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते मुलाकडे वळले. "वो शेर उन लोगां को देख के बांधा था मैं. दोनों लेना हो तो ले, नई तो चल."

"अब्बा, लोग हँसेंगे."

"तब भी हँसे थे."

मुलाने काहीच घेतलं नाही. चुलत भावांना घेऊन त्याने तीच कव्वाली स्टुडिओत नव्याने गाऊन घेतली. ती सीडी मी विकत आणली. चांगली आहे. दर वेळी तशीच वाजते.

उस्ताद अधूनमधून दुपारी घरी येतात. पत्नी चहा टाकते आणि आतूनच विचारते, "पाचोडच ना?" पाचोडच असते. इतरही येतात, प्रती मागतात. पाचोड हवी असेल त्याला मी दोन्ही कॅसेटी जोडून देतो, हसणाऱ्यासकट. नुसत्या माझ्या कॅसेटची प्रत आजवर कुणालाही दिलेली नाही. मिळणारही नाही.