ज्या ओळीला कोणी 'व्हय' म्हटलं नाही

आधीच स्पष्ट करते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. माझं माहेर कोकणातल्या नांदगावचं. घरात गाऱ्हाणं घातलं जायचं तेव्हा मीही हात जोडून उभी राहायचे, पण ते रीत म्हणून. पुढे पोलीस खात्यात आयुष्य गेलं. झपाटलेल्या म्हणून बदनाम विहिरींतून प्रेतं काढली, 'भुताने ढकललेल्या' सुनांचे नवरे आत टाकले. जिथे भुताचं नाव पुढे येतं तिथे मागे कोणीतरी माणूस लपलेला असतो, हा माझा अनुभव. तो अजूनही बदललेला नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण जे घडलं त्यात मी स्वतः उभी होते.

केस कोर्टात आहे, म्हणून गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही. बाकी जागा नीट सांगते. मालवणातून बाहेर पडून खाडीच्या कडेने आत गेलं की जांभ्या दगडाचा एक चढ लागतो. वर काजूच्या बागेत एक एकमजली इमारत. मुळात पर्यटकांसाठी बांधलेली लॉज. चालली नाही, म्हणून मालकाने ती एका व्यसनमुक्ती केंद्राला भाड्याने दिली. भोवती उंच कंपाउंड, वर काचा, एकच लोखंडी गेट. आत हॉल, डाव्या हाताला न्हाण्या, मागे स्वयंपाकघर, आणि टोकाला एक खोली, जिची कडी फक्त बाहेरून लागते. दारावर पाटी 'शांती कक्ष'. ती पाटी आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

इथे सुधाकर मेला. वय तिशीच्या पुढे, ट्रॉलरवर खलाशी, दारूने पोखरलेला. त्याला केंद्रात घातलं होतं त्याच्या बहिणीने, वनिताने. ती मालवणच्या बाजारात मासे विकते. आईवडील नाहीत, भाऊ एकटाच. शेजाऱ्याच्या मोबाइलवर जाहिरात बघून तिने सही केली आणि आठवड्याच्या आत तिला फोन आला... 'तुमचा भाऊ बाथरूममध्ये पाय घसरून पडला.'

मी पोचले तेव्हा न्हाणी फिनेलने धुऊन लख्ख होती. बोळातला कॅमेरा 'नेमका' बंद होता. सुधाकरच्या दोन्ही मनगटांवर वळ होते, अंगावर काळेनिळे डाग. संचालक — त्याला सगळे सर म्हणत, म्हणून इथेही सर — घाटावरचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात गोडवा.

"विड्रॉवलमध्ये पेशंट स्वतःला इजा करून घेतात, मॅडम. थोडा वेळ बांधावं लागतं. बहिणीची संमती आहे."

मी कामाला यादी करून लागते. साक्षीदार, वस्तू, वेळा, विसंगती, सगळं क्रमाने. या केसमध्ये विसंगतीच सापडेना. आतल्या एकेका पेशंटला वेगळं बसवून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर, "तो न्हाणीत पाय घसरून पडला, कोणाचा हात लागला नाही." शब्दसुद्धा तेच. शिकवलेलं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे. पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यूचं कारण राखून ठेवलेलं, व्हिसेरा तपासणीला गेलेला. वरून फोन, "दारुडा होता, लिव्हर गेलेलं असणार. अकस्मात मृत्यू म्हणून मिटवा, मॅडम. घोळ वाढवू नका."

घोळ! माणूस मेला तो घोळ नाही, मी विचारते तो घोळ.

वनिता दर दोन दिवसांनी ठाण्यात यायची. मासळीचा वास घेऊन माझ्या टेबलासमोर बसायची.

"काय झाला गो बाय?"

"तपास चालू आहे."

"बांगडो खारवूक घातलो तरी एवढे दिस लागणत नाय. तुमची फाईल अजून वलीच?"

हवालदार परब हसला, तशी त्याच्याकडे वळली. "हसतस काय रे परबा? तुका फुकट सुंगटां देतंय म्हणान हसतस?"

कोळंबीचं नाव काढताच परबचं हसू मावळलं. मग आवाज उतरवून मला म्हणाली, "माका एकच कळाक व्हया. सही मी केलंय. मी तेका मरूक धाडलंय काय, तेवढा सांग."

मी 'तपास चालू आहे' हेच पुन्हा म्हटलं आणि स्वतःचाच संताप आला.

तेवढ्यात परबने बातमी आणली. केंद्रात जेवण करायला गावातल्या दोन बायका जायच्या, त्यांनी यायचं बंद केलं होतं. पेशंट त्या न्हाणीत पाऊल टाकत नव्हते. गाववाल्यांनी सरला सांगितलं, जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घाला, नाहीतर इथे कोणी कामाला येणार नाही.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो असं मानतात. काही बरंवाईट झालं की नारळ ठेवून त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालतात, म्हणजे झालं ते मोठ्याने सांगायचं आणि सांभाळ म्हणायचं. एकजण बोलतो, आणि प्रत्येक ओळीला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" असा हुंकार देतात. नुसतं ऐकायला कोणी उभं राहत नाही. जो तिथे उभा, तो त्या बोलण्याला बांधील.

सर बाहेरचा. त्याला वाटलं हे भटजीच्या पूजेसारखं असेल, आपण पैसे द्यायचे, ते पुटपुटणार. म्हणून त्याने गावच्या देवळातल्या तात्या गुरवाला काय बोलायचं तेही सांगून ठेवलं. आमच्याकडचा कोणीही ही चूक केली नसती.

मी गेले ती वेगळ्या कारणाने. सगळे पेशंट एकत्र, खोल्यांबाहेर, उजेडात बघायला मिळणार होते. कोण कोणाकडे बघतो, कोण नजर चुकवतो, हे मला टिपायचं होतं. परबला सांगितलं, मोबाइलवर शूटिंग कर, कोणाच्या नजरेत न येता.

सकाळची वेळ. लख्ख ऊन. गेटच्या आत रायवळ आंब्याच्या बुंध्याशी एक उभा दगड, तोच राखणदार. पेशंट ओळीने, सर पुढे, मी आणि परब बाजूला. वनिताही आली होती. तिला गेटवर अडवत होते, मी आत घेतलं.

तात्याने नारळ ठेवला. सर त्याच्या कानाशी लागला, "सांगितलंय तसंच हं, गुरव."

"तुमी सांगतल्यात तसाच सांगतंय. माझा काम सांगूचा," तात्या म्हणाला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"व्हय म्हाराजा."

"हय सुधाकर म्हणान एक झिल देवाघराक गेलो..."

"व्हय म्हाराजा." वनिताचा आवाज फाटला, पण तिने हुंकार दिला.

"तो न्हाणीत पाय घसरान पडलो. हयल्या कोणाचो हात तेका लागलो नाय..."

काहीच नाही.

मला आधी वाटलं, पोरं घाबरली. मग मी चेहरे बघितले. तोंडं उघडली होती. ओठ हलत होते. 'व्हय म्हाराजा'च म्हणत होते सगळे — आवाज नव्हता. सरसुद्धा. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या.

आणि मी. लहानपणापासूनची सवय, ओळ संपली की हुंकार तोंडातून जातोच, अर्थाकडे लक्ष नसतं. माझीही जीभ हलली. घसा मोकळा होता, श्वास चालू होता. आवाज आला नाही. भीती वाटली का? नाही. राग आला. माझ्या तोंडावर माझा ताबा नाही म्हणजे काय?

तात्या थांबला. तीच ओळ पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच. खाली खाडीत कोणाच्या तरी होडीचं इंजिन टकटकत होतं, एवढाच आवाज.

मग तात्याने सरकडे न बघता ओळ बदलली. "म्हाराजा, हयल्या कोणाचो हात ह्या झिलाक लागलो आसात, तर ता उघड्यार येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

अंगणभर घुमला तो हुंकार. माझा त्यात होता. आणि सगळ्यांत स्पष्ट आवाज होता सरचा. म्हटल्यावर त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, जणू ते तोंड दुसऱ्याचं होतं.

नारळ फुटायच्या आत ओळीतून एकजण पुढे आला. आगुस्तीन, शाळेत शिक्षक होता, दारूपायी नोकरी गेलेली. "मॅडम, माका बोलूचा आसा. आता, हयच."

"आगुस्तीन, आत जा," सर म्हणाला.

"नाय जाणंय. सर, माझो देव वेगळो, मी चर्चात जातंय. तरी माझा तोंड बंद झाला. आता परत ता वाक्य म्हणूचा नाय माका."

मी त्याला तिथेच पायरीवर बसवून जबाब घेतला. सुधाकरची दारू तुटली तशी त्याला थरथर सुटली, भास व्हायला लागले. डॉक्टर बोलवायला हवा होता. सर म्हणाला, नाटक. शांती कक्षात नायलॉनच्या दोरीने खाटेला बांधलं, तोंडावर पाणी ओतलं, पाइपने मारलं. तो म्हणत राहिला, "एक हात तरी सोडा रे." गप्प झाला तेव्हा त्याला न्हाणीत नेऊन टाकला आणि नळ सोडला. मग सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून एक वाक्य पाठ करायला लावलं.

एक बोलला तसे बाकीचे बोलले. दोरी खाटेखाली मिळाली. सरला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. वरून पुन्हा फोन आला नाही. सध्या तो जामिनावर आहे, आणि दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने केंद्र काढायच्या खटपटीत आहे असं ऐकते. लिहिताना दात खाते आहे मी.

आता त्या ओळीचं. परबचा व्हिडिओ मी कितीदा पाहिला. होडीचं इंजिन ऐकू येतं, पानांची सळसळ येते, तात्याचा आवाज स्वच्छ. सगळ्यांचे ओठ हलतात, माझे पण, आणि काही ऐकू येत नाही. एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीला दाखवला. म्हणाली, मनात अपराधी भावना असली की घसा बंद होतो. पोरांपुरतं मान्य. सरला अपराधी भावना? त्याने कोठडीत पहिल्या दिवशी मला विचारलं, चहात साखर कमी मिळेल का. आणि माझ्यावर कसला अपराध होता? वनिताची तर त्या ओळीवर तोंड उघडायचीही इच्छा नव्हती; तीही म्हणाली, जीभ आपसूक हलली. मी हे आरोपपत्रात लिहिलं नाही. लिहिणार काय? माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आजही नाही.

गाववाले मात्र खूश. राखणदार पावलो म्हणून तिथे आता दर महिन्याला नारळ पडतात. मी बाजारात गेले तेव्हा वनिताला हे सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

ती सुरमईचे तुकडे करत होती. कोयता थांबला.

"राखणदारान सगळ्यांची तोंडां एका टायमाक धरल्यान नाय? तुझा धरल्यान, माझा धरल्यान."

"हो."

"मगे सुधाक पाइपान मारी होते तेवा एकाचो हात धरूक काय झाल्ला तेका?"

तिने फळीवरचं रक्त पाण्याने सारलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुका कापून व्हया?"