दहा-अकराचा पाना

आमच्या पिकअपमध्ये कोंबडी अंडी घालायची. ड्रायव्हरच्या सीटचा फोम उंदरांनी कुरतडून तिथं आयता खळगा केला होता, आणि काच अर्धी खाली अडकलेली, म्हणजे बाईसाहेबांना जाण्यायेण्याची सोय. तीन वर्षं गाडी चिंचेखाली उभी होती. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तेव्हापासून. नवरा शिक्रापूरच्या कंपनीत शिफ्टला जातो. त्याला मोटारसायकल पुरे. मग गाडीला वाली उरली ती कोंबडी.

न्हावऱ्यात आमचा कांदा असतो, ऊस असतो आणि दसरा धरून केलेला झेंडू असतो. कांदा आता व्यापारी जागेवरून उचलतो, ऊस कारखाना नेतो. झेंडू मात्र आपल्यालाच न्यावा लागतो, तोही त्याच्या दिवशी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कुणी हुंगतसुद्धा नाही. एका वर्षी ठरवलेली गाडी आलीच नाही. दुसरी मिळेपर्यंत दसऱ्याची दुपार उलटली, आणि दौंडला पोचलो तेव्हा दारोदार तोरणं लागून गेली होती. परत येताना मी ती फुलं उकिरड्यावर ओतली. चार महिने मी त्या रोपांना पोरांसारखं जपलं होतं. मला रडू आलं आणि रडून झाल्यावर राग आला. तो राग घेऊनच मी चिंचेखाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं.

मामा गोठ्यात होते. मी म्हणाले, "मामा, ही गाडी मी चालू करणार."

"कर की. झाली चालू तर इमान बी कर एखादं."

मी हसले नाही. तेव्हा तेही गंभीर झाले. म्हणाले, "भंगारवाल्याला शब्द दिलाय म्या. पुढच्या दसऱ्यानंतर तो गाडी न्यायला येणार हाय. तवर काय करायचं ती कर. पुढच्या दसऱ्याचा झेंडू ह्या गाडीनं दौंडला पोचला, तर गाडी तुझी. न्हाई पोचला, तर त्याची."

मामा एकदा बोलले की बोलले. मी पण.

माझं माहेर केडगावचं. वडील स्टेशनच्या रस्त्याला ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी तिथंच. ते ट्रॅक्टरखाली झोपून नुसता हात बाहेर काढायचे आणि मी त्या हातात पाना द्यायची. बारा-तेरा म्हणाले की बारा-तेरा, दहा-अकरा म्हणाले की दहा-अकरा. आकडे मी पाटीवर शिकायच्या आधी पान्यावर शिकले. वडिलांची एकच शिकवण होती: नट आधी बोटानं लावायचा, आटे नीट बसले की मग पाना. थेट पाना लावशील तर आटे मारशील. लग्नात त्यांनी मला संसाराच्या भांड्यांबरोबर पान्यांचा एक संच दिला होता. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, तो बघून नाक मुरडलं होतं आणि माळ्यावर टाकला होता. तो मी खाली काढला.

सकाळचं दूध घालून झालं की दोन तास गाडीचे. टाकीतून डिझेलच्या जागी गाळ निघाला. तो धुतला, नळ्या फुंकल्या, वायर उंदरांनी खाल्ली होती ती बदलली. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, दोनदा शिरूरला नेऊन आणला, एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, हे काय. म्हटलं, पाहुण्यांकडं नेतेय. शिरूरलाच मी गाडी शिकले आणि लायसन काढलं. गाडीच्या कागदांना अजून वर्षभर मुदत होती, तेवढं एक बरं. गावातली माणसं चावडीकडं जाताना मुद्दाम आमच्या वस्तीवरून वळसा घालून जायची, बाई गाडीखाली झोपलीय ते बघायला. मी पाय बाहेर ठेवूनच काम करायची. बघा म्हटलं, पाय बघा.

ज्येष्ठात इंजिन लागलं. काळ्या धुरात चिंच दिसेनाशी झाली आणि कोंबडी ओरडत जी पळाली ती दोन दिवस परतली नाही.

मग मी गाडी माझ्या मापाची करायला घेतली. माझी उंची अशी की क्लच पूर्ण दाबायचा तर मला सीटवरून उतरावं लागे. बाभळीचे ठोकळे तासून तिन्ही पेडलांवर बोल्टनं आवळून बसवले. पाठीमागं गादीची घडी शिवून बांधली. हौद्यात लोखंडी अँगलचा माळा करून घेतला, म्हणजे फुलांचे क्रेट दोन थरांत बसतील आणि खालची फुलं वरच्यांच्या ओझ्यानं मरणार नाहीत. आणि मागचे जादा पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, उतरवले. मामांनी कांद्यासाठी कमानीत दोन-दोन पाटे जादा घातले होते. इकडचा प्रत्येकजण घालतो. गाडी दिली त्या कंपनीला काय कळतं, भार आम्ही टाकतो, असं म्हणून. पण त्या पाट्यांमुळं गाडी इतकी ताठ झालेली की खड्ड्यात आदळली की फुलांचा चेंदा.

उतरवलेले पाटे मी भिंतीला लावून ठेवले होते. संध्याकाळी बघते तर मामांनी ते पुसले, ग्रीस लावलं, पोत्यात गुंडाळले आणि स्वतःच्या खाटेखाली सरकवले.

"कशाला ठेवलेत?" मी विचारलं.

"तुझं खूळ उतरलं की परत घालायला लागतील. कांद्याची गाडी हाय ती."

त्या रात्री मी जेवले नाही. डोक्यात राख घालून घेतली आणि सकाळी पाच वाजता परत गाडीखाली गेले.

आता नवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, औषध मारायचा पंप, पाने. धुवायची, पाटावर मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. आणि एकदा पूजेला बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. मामा याबाबतीत फार कडक. एका नवमीला विहिरीवरची मोटार बंद पडली होती. किरकोळ काम होतं. पण मामांनी पाना उचलला नाही, दिवसभर रोपांना घागरीनं पाणी घातलं.

त्या नवमीला पहाटेपासून फुलांची तोडणी चालू होती. दुपारी चारला निघायचं, संध्याकाळी दौंडच्या बाजारात उभं राहायचं, दसऱ्याच्या सकाळपर्यंत विकायचं, असा बेत. मी दहाच्या सुमाराला शेवटची नजर टाकायला गाडीखाली शिरले. ब्रेक आदल्या रविवारी नवऱ्याला पेडलवर बसवून पक्के केले होते. पण मागच्या डाव्या चाकाशी, पाइपाच्या नटापाशी, थोडी ओल दिसली. नट सोडला, तोंड पुसलं, परत बोटानं लावला, आटे नीट बसले. मग पान्यासाठी मागं हात नेला तर पाना नाही.

बाहेर डोकं काढलं. मामा पाने धूत होते. माझा दहा-अकराचा त्यांच्या हातात, ओला.

"मामा, तेवढा एक द्या."

"पूजेची येळ झाली. हातपाय धू."

भांडायला हवं होतं. पण वर्षभर मी ह्या माणसाशी भांडत आले होते, आज सणाचा दिवस, आणि मनात म्हटलं, आरती होऊ दे, मग मागून घेईन. आरती झाली. तेवढ्यात मजुरीच्या बाया फुलांच्या पाट्या घेऊन आल्या, क्रेट भरायचे, मोजायचे, ताडपत्री बांधायची, त्यांना जेवायला वाढायचं. नट माझ्या डोक्यातून साफ गेला. अंगणात निघताना पेडल दोनदा दाबून बघितलं, लागलं. मामा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोचतीया का न्हाई, डोळ्यानं बघतो."

घरापासून कालव्याच्या चारीपर्यंत वाट सपाट आहे. चारीच्या पुढं उतार, आणि उताराखाली डांबरी रस्ता, नवमीच्या गर्दीनं वाहणारा. उताराला लागताच मी ब्रेक दाबला आणि ठोकळा थेट खाली जाऊन पत्र्याला टेकला. परत दाबला, पुन्हा तसाच. मग वडिलांचा हात आठवला की काय कोण जाणे, मी दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला, इंजिन बोंबललं, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि चाक उसाच्या बांधात घातलं. गाडी थांबली. डांबरी चार पावलांवर. एक ट्रक हॉर्न वाजवत समोरून गेला.

मामांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता.

मी खाली वाकले. डाव्या चाकावरून ऑइल ठिबकत होतं. नट बोटानं फिरत होता. मी बोटानं लावला तसाच होता तो. मला इतकी लाज वाटली की मामांकडं बघवेना. गाडीत दुसऱ्याचा जीव बसवून मी निघाले होते. मी म्हणाले, "चूक माझी हाय, मामा. नट आवळला न्हाई म्या. पाना पूजेत गेला आन् मी इसरले."

"कुणाचा तरी पाना माग."

"आज कुणाचा मागू? सगळ्या गावाचे पाने पाटावर बसल्यात."

त्यांनी मागं वळून क्रेटांकडं बघितलं. केशरी, पिवळी, अजून ताजी. उद्या दुपारी त्यांना कुणी विचारणार नव्हतं. आणि परवा भंगारवाला येणार होता. मामांना फक्त गप्प बसायचं होतं, त्यांचा शब्द आपोआप खरा झाला असता. मला वाटलं, आता ते तेच करणार. मी बांधावर बसले आणि रडले, लपवलं नाही.

मामा उतरले आणि घराकडं चालायला लागले. मी मागं गेले, कारण दुसरं काय करणार. ओसरीवर पाटासमोर ते उभे राहिले. आत्या तिथंच वाती वळत बसल्या होत्या.

"अवो, नवमी हाय," आत्या म्हणाल्या.

"ठावं हाय."

त्यांनी चपला काढल्या. खाली बसले, हात जोडले. मग पाटावरचं फूल हलकेच बाजूला केलं, दहा-अकराचा पाना उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. कुंकू तसंच होतं. "ऑइलचा डबा घे," म्हणाले. "पाटावरचं बाकी काय हलवू नगा."

गाडीपाशी येऊन मी नट आवळला. पण आत हवा गेलेली, ती काढल्याशिवाय ब्रेक लागणार नाही, आणि ते काम दोघांचं असतं. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक नट उघडून हवा सोडायची. नवरा कंपनीत. मी काही म्हणायच्या आत मामा ड्रायव्हरच्या सीटवर चढले. चार वर्षांनी. माझ्या गादीमुळं ते पुढं आलेले, ठोकळ्यांमुळं गुडघे स्टेअरिंगला भिडलेले. मी खाली झोपून ओरडत होते, "दाबा. दाबा. धरा." नट उघडायचा, फसफस हवा, नट बंद. "सोडा." आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांना हुकूम सोडत होते आणि ते ऐकत होते. कितीदा झालं कोण जाणे. शेवटी हवा संपली, नुसतं ऑइल आलं, आणि वरून आवाज आला, "लागला. दगडावानी लागला."

मी बाहेर आले, पदराला हात पुसले. मामा अजून सीटवर होते. एक हात स्टेअरिंगवर, समोर बघत. मला वाटलं, आता हेच चालवतो म्हणतील.

"गुडघं कुठं ठिवायचं माणसानं?" ते म्हणाले.

"काढू का ठोकळे? दोन बोल्टचं काम हाय, पाना हातातच हाय."

"ऱ्हाऊ दे." ते उतरायला लागले. "जो चालवणार त्याच्या मापाची पायजे गाडी."

गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या दारानं बसले. भीमेच्या पुलाचा उतार आला तेव्हा त्यांचा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. चौफुल्याला चहा घेतला. दौंडला दिवेलागणीला पोचलो, आणि दसऱ्याच्या सकाळी उन्हं चढायच्या आत क्रेट रिकामे झाले. एक ओंजळ फुलं मामांनी काढून ठेवायला लावली, गाडीच्या तोरणाला.

घरी येऊन मी पाना पाटावर होता तिथं परत ठेवला आणि मगच सगळी हत्यारं उचलली.

भंगारवाला सांगितल्याप्रमाणं आला. मामांनी त्याला चहा दिला, मग खाटेखाली हात घालून पोतं ओढून काढलं. आतले पाटे ग्रीसनं चकचकत होते.

"हे घेऊन जा."

"आन् गाडी, आबा?" तो म्हणाला. "शब्द दिला व्हता तुमी."

"गाडी माझी न्हाई आता. सूनबाईची हाय, तिला इचार."

तो माझ्याकडं वळला. मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि नाही म्हणाले.